लॅपटॉपसाठी लावलेला कौल

मी लॅपटॉप बोलतोय. पण माझ्यातला नक्की कोण बोलतोय, ते मला विचारू नका. झाकण एक, पडदा एक, बटणांची पाटी एक, आणि आत बिऱ्हाडं दोन! चालू केलं की मी आधी विचारात पडतो, आज मी कोण? आणि त्याचं उत्तरही मी द्यायचं नाही, समोर बसलेल्या माणसाने बटण दाबून द्यायचं. असले हाल वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत.

पूर्वी असं नव्हतं. परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात जन्मलो, मुंबईत एका औषधविक्रेत्याकडे नोकरीला लागलो. त्याने मला गाडीत आदळलं, माझ्यावर चहा सांडला आणि नवीन लॅपटॉप मिळताच मला माळ्यावर टाकलं. तिथून विनोदनं मला विकत घेतलं. विनोद लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टला जातो, सुट्टीला रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी येतो. गावात त्याचे वडील रावजी, आई गोदा आणि नवी नवरी नम्रता. मी घरात शिरल्याबरोबर गोदानं माझ्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं. त्यातलं निम्मं पंख्यात गेलं. आता हा मान की मार, मला काहीच उमगेना.

माझ्या आत तेव्हा विंडोजचा एकटाच संसार होता. विनोद-नम्रताच्या लग्नाचे फोटो माझ्यातच होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

सन दोन हजार पाचची गोष्ट. रत्नागिरीतल्या एका शाळेत संगणक शिकवायला बाई हवी होती. नम्रता संगणकाचा कोर्स केलेली, हुशार पोर. पण त्या शाळेतले सगळे संगणक विंडोजवर नाही, लिनक्सवर चालायचे आणि नोकरीची परीक्षा त्याच्यावरच होती. तिला कोर्स शिकवणाऱ्या यज्ञेश सरांनी लिनक्सची सीडी दिली आणि सांगितलं, "जुनं आहे ते राहू दे, शेजारी हे बसव. दोन्ही नांदतील."

नांदतील! मला कुणी विचारलं?

विनोद फोनवर म्हणाला, "बसव, पण माझे फोटो गेले तर लॅपटॉप लोट्याला घेऊन जाईन. मग तुझी परीक्षा राहिली बाजूला." घरात दुसरा संगणक नव्हता. म्हणजे माझं काही बिघडलं तर तिची नोकरी गेलीच म्हणायची.

तिनं सीडी घातली. सीडीवर चरे पडलेले, मी ती वाचता वाचता घरघरायला लागलो. पडदा मध्येच आडवा फाटल्यासारखा झाला. तिनं बंद केलं, पुन्हा चालू केलं, सरांनी लिहून दिलेलं काहीबाही टाइप केलं, तेव्हा कुठे चित्र सरळ आलं. मग माझी जागा आखली गेली. विंडोज एका अंगाला सरकलं, मोकळ्या जागेत परकं सामान उतरू लागलं. मला आतून गुदगुल्याही होत होत्या आणि भीतीही वाटत होती. सगळं उतरलं. चालू झाल्यावर आधी कोणाला उठवायचं, एवढंच लिहायचं राहिलं होतं, आणि लाईट गेली!

लोडशेडिंग. माझी बॅटरी म्हणजे नावालाच. मी जागच्या जागी विझलो.

लाईट आल्यावर तिनं मला सुरू केलं. काळा पडदा, कोपऱ्यात इंग्रजी चार अक्षरं आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ. बस्स! ना विंडोज, ना लिनक्स. मी ना इकडचा, ना तिकडचा. नम्रता माझ्यापुढे बसून रडली. मला तर रडायचं कसं तेही आठवेना.

दुकानातून तिनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, "सीडी घालून सुरुवातीचा तेवढा भाग पुन्हा लिहायचा. बहुतेक दोन्ही परत येतील. पण आखणीच बिघडली असेल तर सगळं जाईल, फोटोसुद्धा. तुझं तू ठरव."

नम्रतानं घरी येऊन हे सांगितलं, तशी गोदा उठून उभी राहिली. "आता देवाला इचारल्याबिगर कोनी हात लावायचा नाय. कौल लावा. उजवा दिला तर कर काय करायचा ता. डावा दिला तर विनोद येऊन घेऊन जाईल."

ह्या घरात विहीर खणायची असो, विनोदला नोकरीला पाठवायचं असो, कौल लावल्याशिवाय पान हलायचं नाही. आणि रावजीनं देवाचा शब्द जन्मात कधी मोडला नव्हता. ज्याचा प्रश्न, त्याला देवापुढे न्यायचं, असं म्हणून त्यानं मला टॉवेलात गुंडाळलं आणि काखोटीला मारून ग्रामदेवतेच्या देवळात नेलं. मी आणि देवळात? 

भागोजी गुरवानं पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आधी जी गळेल तो देवाचा कौल, आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, रावजीची सून ह्या यंत्रात दुसरा यंत्र बसवतेय, त्यात आडकाठी आली हाय. पुढे जावा असा आसंल तर उजवा दे!"

"व्हय म्हाराजा," रावजी म्हणाला.

डावी पाकळी पडली.

"परत लाव," रावजी म्हणाला. भागोजीनं परत लावलं. पुन्हा डावीच.

"देव नको म्हनतोय रे, रावजी."

रावजी मला मांडीवर घेऊन बसून राहिला.  मग तो पाषाणाकडे बघून हळूच म्हणाला, "म्हाराजा, पोर दुसऱ्याच्या घरातून आलेय. तिला काय एक हवा होता, ता ह्योच. मी घरी जाऊन उजवा दिला म्हनून सांगनार. त्याचा जा काय व्हायचा ता माज्यावर घे. तिला लागू देव नको."

भागोजीकडे वळून म्हणाला, "तू काय बगितलास?"

"माजा चष्मा घरी हाय," भागोजी म्हणाला. चष्मा त्याच्या नाकावर होता.

घरी येऊन रावजीनं पायही न धुता सांगितलं, "उजवा दिला. लाव गो पोरी."

नम्रतानं सीडी घातली. बोटं घाबरत घाबरत चालली. मी बंद झालो, चालू झालो, आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिल्या ओळीत लिनक्स. दुसरीत विंडोज, फोटोंसकट. नम्रता किंचाळलीच. गोदानं देवाला हात जोडले. रावजी गुपचूप पडवीत जाऊन बसला.

माझा गोंधळ तिथून जो सुरू झाला तो आजतागायत चालूच आहे. देव नको म्हणाला, तरी काम झालं. मग देव चुकला? की रावजीचं दुसरं गाऱ्हाणं त्यानं ऐकलं? त्याच पावसाळ्यात रावजी बांधावरून घसरला आणि पाय मोडला. सगळे हळहळले. तो मात्र प्लास्टरातल्या पायाकडे बघून म्हणाला, "घेतलंस ना? आता झाला." घरातल्यांना वाटलं, म्हातारा तापात बरळतोय. माझ्यात दोन दोन डोकी, पण खरं काय ते एकालाही सांगता येत नाही.

नम्रताला नोकरी लागली. परीक्षेचा सगळा अभ्यास तिनं माझ्यावरच केला, हे मी छाती फुगवून सांगतो. आता माझा पंखा बंद पडलाय, झाकणाची बिजागरी तुटलीय. तिनं मला शाळेच्या प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात ठेवलंय. नव्या मुलींना ती मला दाखवते आणि सांगते, "देवानं उजवा कौल दिला, म्हणून मी इथं उभी आहे." दर वर्षी न चुकता देवाला नारळही देते.

नम्रता, किती वेळा सांगावंसं वाटलं, पण कुठल्या बिऱ्हाडातून सांगू तेच कळत नाही. कौल डावा होता गं. दोन्ही वेळा डावा. उजवा दिला तो म्हाताऱ्यानं, आणि पाय दिला तोही त्यानंच. यंदा नारळ फोडशील तेव्हा देवाचं देवाला ठेव, आणि फुटलेल्या नारळाचं एक अर्धं भकल घेऊन पडवीत म्हाताऱ्याकडे जा. त्याला काही विचारू नकोस, उगाच घाबरेल. नुसतं त्याच्या हातावर ठेव.