शांत मुलांची खोली

तान्ह्या पोरांची खोली कशी असावी? दोघं भोकाड पसरताहेत, एक वाटी आपटतोय, एकाच्या तोंडात दुसऱ्याचा मोजा! पण आयटी पार्कजवळच्या त्या पाळणाघरात उर्मिला पहिल्यांदा शिरली, तर खोली चिडीचूप. पाच मुलं गाद्यांवर जशी बसवली तशीच बसलेली. तिच्या कडेवरची आठ महिन्यांची अक्षरा तेवढी किंचाळत होती. दात येत होते बिचारीला.

उर्मिला मूळची साताऱ्याची, बालशिक्षण शिकलेली. नवरा अनिकेत इथल्या कंपनीत, म्हणून ती चंडीगडला आली, आणि लेकीला सोबत आणता येईल म्हणून तिनं ही नोकरी धरली. तिनं सतरंजी पसरली, पातेली, डाव, रंगीत फडकी मांडली. या, रांगत या, धरा, चाखा, आपटा! हात चालल्याशिवाय मूल शिकत नाही, हे तिचं ठाम मत. पण छे! पाचांतल्या ध्रुवच्या कानाशी पातेलं वाजवलं, तर त्यानं नुसती पापणी लववली.

"बच्चे इतने चुप कैसे, जी?" तिनं मालकीणबाईंना, वंदनाजींना, विचारलं.

"घुट्टी का कमाल है," त्या हसल्या. "सुबह थोड़ी-सी देते हैं."

उर्मिलाचा जीव भांड्यात पडला. अगं बाई, गुटीच की! वेखंड, जायफळ, मुरडशेंग. तिच्या आईनंही सहाणेवर उगाळून तिला चाटवलेली. "हमारे यहाँ भी देते हैं!" ती म्हणाली, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, "मेरी अक्षरा को भी दीजिए ना."

आठवडाभरात अक्षराचं रडणं थांबलं. रांगणंही. अनिकेत खूश, घरात झोप मिळू लागली. उर्मिलाला मात्र कुठं माशी शिंकली ते कळेना. फडक्याआडून 'भोऽऽ' केलं की खिदळणारी पोर आता भिंतीकडे बघत राहायची. गुटी जास्त होतेय, आपणच उगाळावी, म्हणून एका सकाळी ती स्वयंपाकघरात सहाण शोधायला गेली.

सहाण नव्हतीच. ओट्यावर होती एक तपकिरी बाटली आणि नुकताच वापरलेला चमचा. तिनं बोट बुडवून चाटलं. गोड, चिकट, खोकल्याचं औषध!

"नींद अच्छी आती है," दारातून वंदनाजी शांतपणे म्हणाल्या. "घुट्टी ही समझिए. आपने खुद माँगी थी."

उर्मिला खोलीत धावली. अक्षरा गादीवर पडली होती, ओठ निळसर. हलवलं, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. पोर उठेना. तिनं रुग्णवाहिकेचा नंबर लावला.

"अपनी बच्ची लीजिए और चुपचाप जाइए," वंदनाजींनी तिचं मनगट धरलं. "बाक़ियों से आपका क्या?"

बाहेर रिक्षा उभी होती. आईचं मन रिक्षाकडे धावलं, खोटं कशाला बोला! पण गाद्यांवर आणखी पाच होती. तिनं मनगट हिसडून सोडवलं, अक्षराला मांडीवर घेतलं आणि फोनवर ओरडली, "बच्चे छह हैं! छह!"

"सबकी साँस चल रही है? देखकर बताइए," पलीकडून आवाज आला.

तिनं एकेकाच्या नाकाशी बोट धरलं. ध्रुव, हो. त्याच्या शेजारची, हो. पुढचा, हो. उरलेली दोघंही, हो.

"और छठा?"

मांडीवरच्या लेकीच्या नाकाशी बोट न्यायचा तिला धीर होईना.