हजेरीपुस्तकातली वनमाला

सुलक्षणाची सासू गणपतीला गावी जाणार होती आणि परत येणार नव्हती. ती गेली की सात महिन्यांच्या पोरीला दिवसा सांभाळायला घरात कोणी उरत नव्हतं. नवरा माहुलला कामाला, सकाळी सहालाच बाहेर. म्हणजे गणपती आले की सुलक्षणाची नोकरी गेली, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

साल चौऱ्याऐंशी. भांडुपला बाटल्यांची बुचं करणारा कारखाना होता, तिथे आम्ही कामाला. बायका बुचं निवडून खोक्यांत भरायच्या, पुरुष यंत्रांवर आणि हमालीला. सुलक्षणा माझ्या शेजारी बसायची. वयाने माझ्या मुलीएवढी, पण माझी मास्तरीण तीच. दर रविवारी कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या भजनी मंडळाच्या खोलीत ती आम्हा सहा-सात जणींना अक्षरं शिकवायची. मी चुकले तर हसायची नाही. म्हणायची, "मावशी, अंदाजाने नाही वाचायचं. लिहिलंय तेच वाचायचं." तिची नोकरी जाणं मला परवडणारं नव्हतं. मी अजून जोडाक्षरांत अडकले होते.

कायदा असा की कारखान्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर मालकाने पाळणाघर द्यायचं. आमचे मॅनेजर विद्याधर सबनीस यांनी कायदा नीट वाचला होता. म्हणून आमच्यात बायका बरोबर तीस. एक गेली की एक घ्यायचे, त्यावर एक नाही. आणखी सात जणी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून तेच काम करायच्या, पण हजेरीपुस्तकात त्यांची नावं नव्हती. सरकारी तपासनीस आला की त्या मागच्या जिन्याने उतरून चहा प्यायला जायच्या. युनियनने त्यांचा विषय काढला असता तर सबनीसांनी दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवलं असतं. म्हणून आम्हीही गप्प.

तरी युनियनचे सेक्रेटरी जयवंत यांनी पाळणाघरासाठी सरकारी कामगार कार्यालयात अर्ज टाकला. बैठकीचं बोलावणं आलं. सरकारतर्फे सोनटक्के साहेब, कंपनीतर्फे सबनीस, युनियनतर्फे जयवंत, आणि बायकांतर्फे मी, रुक्मिणी, कारण सुलक्षणाला रजा मिळाली नाही. शिवाय भजनी मंडळाचे नाना. कारखान्यात जागा नाही असं कंपनी म्हणणार, तर मंडळाची खोली मिळेल का, हे विचारायला त्यांना बोलावलं होतं.

"खोली मिळणार नाही," नाना खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "पोरं मृदंगावर मुतली तर जबाबदार कोण?"

"नाना, तो प्रश्नच येत नाही," सबनीस हसून म्हणाले. "साहेब, कायदा म्हणतो तीसपेक्षा जास्त. आमच्याकडे तीस आहेत. मोजून घ्या."

त्यांनी हजेरीपुस्तक टेबलावर ठेवलं. जयवंत एकेका बाईचं नाव वाचत गेले आणि साहेबांचा कारकून पेन्सिलीने खूण करत गेला. तीस झाल्या. पुन्हा मोजल्या, तीसच. सबनीसांनी पेनाला टोपण लावलं.

"मी बघू?" मी म्हणाले.

"बघा की," साहेब म्हणाले.

मी पुस्तक ओढून घेतलं आणि पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचायला लागले. नाना दोनदा जांभई देऊन झाले. सबनीस घड्याळ बघायला लागले. मी यंत्रं संपवून हमालीच्या पानावर आले आणि माझं बोट थांबलं. व, न, म ला काना मा. पुढे ल. त्या ल ला वेलांटी असायला हवी होती. तिथे काना होता.

आमच्याकडे वनमाली गुणाजी घाडी नावाचा हमाल होता. कणकवलीकडचा, मिशा अशा की त्यात बूच अडकून राहील. नव्या टाइमकीपरने वर्षाचं नवं पुस्तक लिहिताना त्याला वनमाला केलं होतं. वनमाली स्वतः अंगठेबहाद्दर, तो आठ महिने त्या नावापुढे मुकाट अंगठा उठवत होता. बाकीचे शिकलेले. त्यांना वनमाली माहीत होता, म्हणून त्यांनी वनमालीच वाचलं.

"साहेब, ही एक बाई राहिली," मी म्हणाले. "वनमाला गुणाजी घाडी."

जयवंतांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मग त्यांना समजलं आणि तो पाय हळूच मागे गेला.

"अहो, तो वनमाली आहे!" सबनीस ओरडले. "बाप्या आहे तो!"

"पुस्तकात वनमाला आहे," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नाव वाचलं, मग खाली घेऊन पुन्हा वाचलं. "सही तुमचीच ना सबनीस, प्रत्येक पानाखाली?"

"लिहिण्यातली चूक आहे."

"असेल. मग पुस्तक चुकीचं झालं. उद्या सकाळी तपासनीस पाठवतो, हे पुस्तक घेऊन. एकेक नाव, एकेक चेहरा पडताळून बघेल. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत."

गच्ची म्हटल्यावर सबनीसांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. प्यायले, ठेवला, पुन्हा उचलला. तो रिकामा होता.

"तपासनीस कशाला," ते म्हणाले. "पुस्तक बरोबर आहे."

"म्हणजे वनमाला बाई आहे?"

"पुस्तकात आहे तर... आहे."

"एकतीस," जयवंत म्हणाले.

साहेबांनी लिहून घेतलं. मग नानांकडे वळले. नानांनी एवढ्यात हिशेब केला होता. मंडळाच्या छपराला नवे पत्रे आणि दारात नळ, हे कंपनीने द्यावं, आणि मृदंग ठेवायला कुलपाचं कपाट. संध्याकाळी सातनंतर खोली मंडळाची, रविवारी अक्षरांची, बाकी वेळ पोरांची. सबनीस प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेले. त्यांना फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

आमची खरी अडचण कारखान्यात होती. वनमालीला बातमी कळली तेव्हा तो पिंप खाली टाकून थेट माझ्या टेबलाशी आला.

"गे रुक्मिणी, माका बाई केलंस? गावात कळला तर तोंड खंय दाखवू मी?"

"बस आधी. बाईला कायद्याने रात्रपाळी लावता येत नाही, ठाऊक आहे?"

तो उभाच राहिला. "म्हंजे? कधीच नाय?"

"कधीच नाही. आणि जड ओझंही नाही."

वनमाली महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळीला असायचा. त्याने मिशीवरून हात फिरवला. "मगे ऱ्हवांदे तसाच," म्हणाला आणि बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळीच हजर. पिंपाला हात लावेना. "मी बाईमाणूस, माका जड उचलूक सांगूचा नाय," असं सुपरवायझरला तोंडावर सांगून बुचं निवडायला आमच्यात येऊन बसला. निवडायचा कमी, बोलायचा जास्त. आठवड्याभरात त्याला आमच्या सगळ्यांच्या सासवांची नावं पाठ झाली. तिकडे रात्री पिंपं उचलायला माणूस नाही, ट्रक दारात उभे. सबनीसांनी दमदाटी केली की जयवंत विचारायचे, "साहेब, रात्री बाईला बोलावताय? लिहून देता का?"

दहाव्या दिवशी सबनीसांनीच दुसरी बैठक मागितली.

"वनमालीला पुन्हा पुरुष करा," ते म्हणाले. "पाळणाघर ठेवतो. त्याच्या जागी एक खरी बाई पुस्तकात घेतो."

"एकच घेतली आणि ती बाळंतपणाला माहेरी जाऊन परत आली नाही तर?" मी विचारलं. "पाळणाघर बंद?"

"मग किती?"

"सात," जयवंत म्हणाले.

"सात कुठून आणू?"

"गच्चीवर हवा चांगली असते म्हणतात."

सोनटक्के साहेब खिडकीबाहेर बघत होते. शेवटी चारवर तुटलं. उरलेल्या तिघींना पुढच्या वर्षी, असं तोंडी ठरलं. त्यातली शकु मला अजून ऐकवते की तू दुसऱ्यांच्या पोरांसाठी भांडलीस आणि मला गच्चीवर ठेवलंस. तिचं खोटं नाही. तिला पुस्तकात यायला दोन वर्षं लागली.

नाव दुरुस्त करायचं तर ज्याचं नाव त्याचा अंगठा हवा होता. साहेबांनी वनमालीला आत बोलावलं. त्याने कागदाकडे बघितलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

"माका कोणी इचारलात? सरकार बोलला, शेठ बोललो, युनियन बोलली, नानांक पत्रे गावले. माका काय? परत रात्रपाळी?"

"अरे, पुरुष होतोयस तू!" सबनीस म्हणाले.

"तेचा काय घेव मी?"

त्याच्यापायी गणपतीच्या आत पाळणाघर सुरू होणार नाही असं मला वाटायला लागलं. सुलक्षणाच्या सासूची ट्रंक भरून झाली होती. जयवंत त्याला बाहेर घेऊन गेले, सबनीस मागून गेले, तिघं व्हरांड्यात अर्धा तास कुजबुजत राहिले. आत आले तेव्हा ठरलं होतं: रात्रपाळी महिन्यातून एकच आठवडा, आणि पिंप उचलायला जोडीला दुसरा माणूस. वनमालीने अंगठा उठवला आणि पुरुष झाला.

सासू ज्या सोमवारी गावी गेली त्याच सोमवारी सुलक्षणाने पोरीला मंडळाच्या खोलीत ठेवलं आणि कामावर आली. पोरीने जे भोकाड पसरलं ते यंत्रांच्या आवाजावरून आमच्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. सुलक्षणाचे हात चालत होते, पण चांगली बुचं खराब मालात जात होती. मी ती गुपचूप उचलून परत ठेवत होते.

सबनीस कानावर हात ठेवून आले. "हे रोज असंच चालणार?"

"शाळेत जाईपर्यंत, साहेब," सुलक्षणा मान वर न करता म्हणाली. "तोवर दुसरी पोरं येतीलच."

पलीकडे बसलेल्या चंपाला पाचवा महिना लागला होता. तिने पदर पोटावर नीट ओढून घेतला.