आतलं अस्तर

शिवणवाल्या मावशींनी मोठ्या बाईंच्या पुडक्यात चुकून स्वतःचीच चड्डी बांधून दिली, आणि हे लक्षात येईपर्यंत बाई घरी पोचल्यासुद्धा होत्या.

साधी चड्डी असती तर हसण्यावारी नेलं असतं हो! पण ही ‘ती’ होती. आत फ्लॅनेलचं जाड अस्तर, मध्ये रबरी कापड, बाजूला पटकन उघडणारी बटणं. लेकीच्या जन्माच्या वेळी मावशींना आत खोलवर फाटलं होतं. टाके पडले, विषय मिटला. पण पन्नाशी उलटली आणि शी कधी होईल याचा नेमच राहिला नाही. कळ आली की थांबवत नसे. कधी तर कळायच्या आत होऊन गेलेलं असे. तेव्हापासून मावशी काळेच कपडे घालत, बाहेर पडायचं तर उपाशी राहत, आणि संडास दिसणार नाही तिथे पाऊल टाकत नसत. मैत्रिणी सुटल्या. नवऱ्याला वाटे, हिला धंद्याचं वेड. लेकीला वाटे, आईला माया नाही.

लेक दिवसभराच्या बसप्रवासावर राहायची. तिला मुलगी झाली होती आणि आजीनं अजून नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. आधी लेक फोनवर तणतणायची, “तुला मशीनच लाडकी!” बाळंतपणानंतर तेही थांबलं. “राहू दे आई, नको येऊस,” एवढंच म्हणून फोन ठेवायची. ते मावशींच्या जिव्हारी लागलं होतं.

आणि आता हे! मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा आवाज ऐकून अजूनही टक्कल पडलेले बाप्ये सरळ उभे राहत. सकाळी दुकान उघडलं तर बाई दारात. पुडकं टेबलावर आपटलं.

“कुणाचं हे?”

“माझं,” मावशी पुटपुटल्या. थाप मारायलाही सुचेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी दार लोटून घेतलं. “मला अशा चार शिवून दे.”

टोमणाच, दुसरं काय! म्हणून मावशींनी वर पाहिलं, तर बाईंचे डोळे भरलेले.

“गुडघ्यांमुळे शाळा सोडली असं सांगते ना मी? गुडघे ठणठणीत आहेत माझे. वर्गात झालं एकदा. पुन्हा पाय ठेवायची हिंमत झाली नाही.”

अगं बाई!  बाईंनी मावशींना त्याच आठवड्यात हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम कळले, काय खायचं कळलं, औषध मिळालं. “पुष्कळ फरक पडेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि एकट्या नाही आहात हो. दहा-बारा मोठ्या माणसांत एकाला तरी असतं. बायकांना, पुरुषांना. फक्त बोलत कुणी नाही.”

मावशींना ते खरं वाटलं नाही. पण बाईंकडून ऐकून त्यांची नणंद तशीच चड्डी मागायला आली. मग लांबची गाडी कधीच न घेणारा बसड्रायव्हर आला. मिशाळ खाटीक आला, म्हाताऱ्या वडिलांसाठी हवी म्हणाला आणि माप मात्र आपल्याच ढेरीचं दिलं. मावशींनी ते माप लिहून घेतलं. तो गेल्यावर त्या दुकानाच्या दारात उभ्या राहून रस्त्याकडे पाहू लागल्या. माणसं येत होती, जात होती, हसत होती, पिशव्या सांभाळत होती. इतकी माणसं! एवढं पोटात दाबून ही रोज कामावर जातात, मुलं वाढवतात, वर हसतातही!  आजवर त्यांना वाटत होतं, देवानं शोधून शोधून आपल्यालाच गाठलंय.

दुसऱ्या महिन्यात त्या लेकीकडे निघाल्या. वाटेत एकदा थोडं झालंच. थांब्यावर उतरून बदललं, परत येऊन बसल्या. आभाळ काही कोसळलं नाही.

लेकीनं दार उघडलं. चेहऱ्यावर आनंदापेक्षा धास्तीच जास्त. अंगात काळी सलवार, काळा कुर्ता. आत खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल, आणि न्हाणीघरात झाकून ठेवलेली बादली. मावशींना पुढचं कुणी सांगायला नको होतं.

“कधीपासून गं?”

“काय कधीपासून?” लेक म्हणाली आणि तिचा बांध फुटला. “बाळंतपणापासून. म्हणून नको म्हणत होते, आई. तुला किळस येईल असं वाटायचं.”

मावशींनी पिशवीतून आपली धुतलेली चड्डी काढून तिच्या हातात दिली. लेकीनं अस्तर चाचपलं, बटणं पाहिली, मग आईचे काळे कपडे पाहिले.

“म्हणजे तू... म्हणून येत नव्हतीस?”

“तुझ्या जन्माच्या वेळचं दुखणं आहे. तुला कसं सांगणार?”

“आणि मी तुला काय काय बोलले गं!”

“ते राहू दे. डॉक्टरकडे उद्याच जायचं, मी आहे बरोबर. आधी माझी नात दे.”

नात मांडीवर आली, आजीकडे टक लावून पाहिलं, लालबुंद झाली आणि बिनदिक्कत शी करून मोकळी झाली. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटल्या.