जानरावाच्या सहीचं पत्र

बासष्ट सालच्या सप्टेंबरात चंद्रभानचं पत्र अकोल्याला आलं, तेव्हा त्याच्या मायला, दुर्गाबाईला, आनंद झाला आणि बापाचं, जानरावाचं, जेवण तसंच राहिलं.

पत्र त्याच्या धाकट्या बहिणीनं, शकुननं वाचलं. ती मॅट्रिकला होती. घरात मराठी लिहिता-वाचता येणारी तीच. जानराव बर्म्याच्या लढाईत चार वर्षं काढून आला होता, पण पलटणीनं त्याला सहीपुरतंच लिहायला शिकवलं. आता तो कापसाच्या एका जिनच्या फाटकावर चौकीदार होता. चंद्रभान नेफात, चीनच्या सरहद्दीवर होता, मशीनगनच्या तुकडीत.

‘आम्ही नदीकाठी आहोत. चिनी समोरच्या डोंगरावर. सकाळी त्यांचा धूर दिसतो. एकेक कांबळ मिळालं आहे. शिधा विमानातून टाकतात, अर्धा दरीत जातो. काळजी नसावी.’

जानरावानं ते पुन्हा वाचायला लावलं.

“ते वर हायेत अन् आपले खाली?”

“हो, बा.”

“मांगं सडक हाय काय?”

“लिहिलं नाही.”

“असती त शिधा इमानातून कायले टाकला असता?”

शाळेत गुरुजींनी फळ्यावर सरहद्दीची रेघ काढून दाखवली होती. ती कुणी काढली, चिनी ती का मानत नाहीत, हे सगळं सांगितलं होतं. शकुननं ते बाला सांगितलं. तो म्हणाला, “रेघ मारनाऱ्याले चढ दिसत नाई, बाई. तिथं उभं राहनाऱ्याले दिसते.”

जठारपेठेतल्या हॉटेलात रेडिओपुढं गर्दी जमू लागली होती. चिन्यांना आठ दिवसांत हाकलून लावू, असं जो तो म्हणायचा. जानराव त्या गर्दीत उभा राहायचा आणि ऐकून घरी यायचा. दोन रात्री तो झोपला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं शकुनला पत्र लिहायला बसवलं.

“लिव. मांगं हटाचा हुकूम झाला त मोठ्या वाटेनं येजो नोको. ते आधीच मांगं जाऊन वाट धरून बसतात. आमचे बर्म्यात तसेच मेले. नाल्यानाल्यानं, जंगलातून उतरजो. बूट काढजो नोको. बंदूक जड झाली त फेकून देजो, पानी फेकजो नोको. अन् हुकूम द्याले कोनी उरलं नसन, तरी थांबजो नोको. निंघजो.”

शकुनचा टाक थांबला. पलटणीत पत्रं फोडून वाचतात, हे तिला माहीत होतं. कुणीतरी साहेब हे वाचील आणि दादाच्या तोंडावर हसेल, या विचारानं तिचे कान तापले. बंदूक फेकून दे, असं कोणता बाप लिहितो? बा भ्याला आहे, एवढंच तिला कळलं.

तिनं खाली मान घालून लिहिलं, ‘जागा सोडू नकोस. पाठ दाखवून आलेला मुलगा मला नको.’

“झालं?” जानरावानं विचारलं.

“झालं.”

त्यानं खाली सही केली. एकेक अक्षर दाबून.

ऑक्टोबरच्या विसाला लढाई पेटली. मग रेडिओवर रोज एकेक ठाणं गेल्याची बातमी. हॉटेलातली गर्दी तेवढीच राहिली, पण आता कुणी बोलत नसे. बाया लढाईच्या फंडाला सोनं द्यायला रांगेत उभ्या राहिल्या. दुर्गाबाईनं गळ्यातले चार मणी दिले. नोव्हेंबरात तार आली. चंद्रभान बेपत्ता होता.

लढाई थांबली. कैदी सुटून येणार म्हणून दुर्गाबाई रोज दाराकडं तोंड करून बसली.

मे महिन्यात आला तो बाळापूरकडचा देवमन. चंद्रभानच्याच तुकडीतला, चिन्यांच्या कैदेतून सुटलेला. डाव्या पायाची बोटं थंडीनं गेली होती. तो पाणी प्याला.

“काकाजी, मांगं याचा हुकूम झाला होता. आमी तिघं नाल्यानं उतरलो. म्या चंद्रभानले म्हटलं, चाल. तो म्हने, बाचं पत्र हाय.”

“काय होतं पत्रात?” दुर्गाबाईनं विचारलं.

“जागा सोडू नको म्हनून. पाठ दाखवून आलेला पोरगा मले नोको म्हनून. त्यानं आमाले वाचून दाखवलं होतं. मांगून त्याच्या गनचा आवाज येऊन राह्यला होता. मंग बंद झाला.”

शकुन चुलीपाशी होती. तिनं मान वर केली, तेव्हा जानराव तिच्याकडंच पाहत होता. आता तो बोलेल, असं तिला वाटलं.

“हो,” जानराव देवमनला म्हणाला, “म्याच लिवलं होतं.”

दुर्गाबाई त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, तीही ताट सरकवून. रात्री कधीकधी भिंतीकडं तोंड करून म्हणायची, “बापानं मारलं माह्या पोराले.” जानराव ऐकायचा. मग दिवसाची पाळी सोडून त्यानं रात्रीची मागून घेतली, आणि दिवसाही जिनच्या फाटकावरच्या खोलीतच निजू लागला. शकुन रोज ठरवायची, आज सांगू. रोज राहायचं.

पुढं ती अमरावतीला शाळेत मास्तरीण झाली. पासष्टच्या सप्टेंबरात पुन्हा लढाई लागली, पाकिस्तानशी. मोठ्या बाईंनी सांगितलं, मुलींकडून जवानांना पत्रं लिहून घ्या, चांगली जोशाची. शकुन खडू हातात धरून फळ्यापुढं उभी राहिली आणि तिला एक अक्षर सुचेना.

रविवारी ती पहिल्या एसटीनं अकोल्याला गेली. माय तूर निवडत होती. शकुननं सगळं सांगितलं. बानं काय सांगितलं होतं, ते जसंच्या तसं. आणि आपण काय लिहिलं, तेही.

दुर्गाबाईचे हात सुपावर थांबले.

“त्याईले मालूम होतं?”

“देवमन आला त्याच दिवशी कळलं.”

“अन् अडीच साल मी त्याईले…”

ती उठली. डोक्यावरून पदर घेतला, चपला न घालताच बाहेर पडली आणि जिनच्या वाटेला लागली. पोरीकडं तिनं वळून पाहिलं नाही.

शकुन सुपापाशी बसून राहिली. परतीची पाचची एसटी गेली. दूर हॉटेलात रेडिओ मोठ्यानं लावला होता, आणि माय अजून परतली नव्हती.