लिंबूटिंबू

मेडनहेडला येऊन मला पन्नास वर्षं झाली, पण मुलांच्या हातातले आयपॅड बघून माझं डोकं अजून फिरतं. आमच्या मराठी मंडळाची पिकनिक थेम्सकाठच्या पार्कमध्ये होती. मी सगळे आयपॅड पिशवीत कोंबले आणि जाहीर केलं, "आज लपाछपी."

राज्य आलं माझ्या नातवावर, कुशवर. त्याची बहीण दिया जेमतेम चार वर्षांची. ती लगेच आउट होऊन रडत बसेल म्हणून मी तिला लिंबूटिंबू केलं. वर तिच्या कानात सांगितलं, "कुणी हाक मारली तरी बाहेर यायचं नाही, फसवतात. राज्यवाल्याची पाठ दिसली की धप्पा द्यायचा." शहाणपणा शिकवून मी वडे वाढायला गेले.

अर्ध्या तासानं मुलं खायला आली. दिया नव्हती.

"कुश, दिया कुठाय?"

"आजी, तू म्हणाली ती काउंट होत नाही. सो मी तिला शोधलोच नाही."

झुडपांपलीकडे नदी होती आणि मध्ये कुंपण नव्हतं. माझा मुलगा रवी काठाकाठानं पळत सुटला. सगळे दियाला हाका मारत होते. सून आसावरी पोलिसांना फोनवर फ्रॉकचा रंग सांगत होती, ते मला ऐकवेना. पाण्याकडे बघायची तर हिंमतच होईना. मीच हे केलं होतं.

मग माझी शिकवण मला आठवली. हाकेला ती येणार नव्हती.

"सगळे गप्प बसा," मी म्हणाले. कुश ज्या झाडापाशी आकडे मोजत उभा होता त्याच झाडाला तोंड टेकवलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं मोजायला लागले. दहा, वीस, तीस.

"आई, ही काय वेळ आहे का?" रवी ओरडला.

शंभर झाले. काहीच झालं नाही. मी डोळे उघडले नाहीत. पुन्हा दहापासून सुरू केलं.

सत्तरला मागून आसावरीचा हुंदका ऐकू आला. मग माझ्या कमरेवर थाप पडली.

"धप्पा."

हात ओला आणि गार होता. फ्रॉक छातीपर्यंत भिजलेला, बुटांत चिखल. मी तिला घट्ट धरलं.

"कोणीच शोधायला येत नव्हता," दिया म्हणाली. "म्हणून मी अजून आत जात होती. मग तू मोजायला लागली."