खुडलेले शेंडे

हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, नखाने शेंडा खुडल्याचा बारीक, ओला आवाज आला की मला बाबांचे हात दिसतात. मिलच्या विणाई खात्यात तुटलेल्या धाग्यांना गाठी मारण्यात उमर घालवलेले ते हात, अन्नपूर्णा वस्तीतल्या आमच्या घरामागे डॉग फ्लॉवरची रोपं वाढवायचे. चार बोटं वाढलेल्या रोपाचा शेंडा एकदाच खुडायचा. म्हणजे खालून फांद्या फुटतात आणि माघात प्रत्येक फांदीवर मिटल्या जबड्यांचे गुलाबी, पिवळे तुरे उभे राहतात. एकदाच, हा नियम त्यांचाच.

मिलला कुलूप लागलं त्या वर्षी त्या हातांना काम उरलं नाही. भोंगा बंद झाला होता, तरी त्याच्याच वेळेला ते वाफ्यापाशी बसत आणि खुडत. नवी फांदी डोकं काढी, तिलाही खुडत. आई म्हणायची, "अहो, बस करा ना. झाड आहे ते, धागा थोडी आहे." त्यावर नखं अधिकच वेगाने चालत, कुणाची तरी मान सापडल्यासारखी.

माघ आला. साऱ्या गल्लीत फुलं आणि आमच्याकडे नुसता खुरटा हिरवा पाला. शेजारचे जोशीकाका भिंतीवरून म्हणाले, "काय भिया, यंदा पालक लावला का?"

बाबा हसले. काका आत गेल्यावर त्यांनी फावडं उचललं आणि वाफा मुळांसकट उलटा केला. ढेकळं भिंतीवर फुटत होती. पाण्याच्या टाकीमागे आईने कुंडीत लपवून वाढवलेलं एक रोप तेव्हाच त्यांच्या नजरेस पडलं. भरभरून फुललेलं. बाबा फावडं घेऊन धावले, आई आडवी आली.

दांडा तिच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून पदरावर उतरलं. ती रडली नाही. कुंडी छातीशी धरून एवढंच म्हणाली, "आता या मातीला तुम्ही हात लावायचा नाही."

त्यांनी लावला नाही. पुढचे सगळे हिवाळे ती एकटी पेरत राहिली, एकदाच खुडत राहिली आणि ते मागच्या पायरीवर, हात गुडघ्यांत दाबून, पाहत राहिले. चहा ती तिथेच आणून ठेवायची. माळव्याचं ऊन दोघांवर सारखंच पडायचं.

आता दोघंही नाहीत. तिने त्यांना क्षमा केली होती का, हे विचारायचं राहून गेलं. आणि माणसं काळात जितकी दूर जातात, तितका हा प्रश्न माझ्याजवळ सरकत येतो.