सहाची बारा

बाळगोंडानं शाईच्या डबीत काडी बुडवली आणि गाडीतून काढलेल्या स्टार्टरच्या पोटावर एक निळा ठिपका दिला. मग झाकणावर. मग आतल्या तांब्याच्या कॉइलींवर, एकेकीला एकेक.

बेळगावच्या कॅम्पातल्या आपल्या गॅरेजात सिद्राम मिस्त्री पाना हातात धरून हे बघत राहिला.

"मालक, तंबाखूचं पोतं न्हाय हे."

"पोतं इस्वासावर सोडलं तर वखारीत पोचेस्तवर आतल्या तंबाखूची माती हुतीया," बाळगोंडा म्हणाला. "हे तर तांबं हाय."

निपाणीच्या त्याच्या घरात पितळी तांब्या, छत्री, आणि एकदा चुकून व्याह्यांची वहाणही निळ्या ठिपक्याची झाली होती.

"पर सहा व्होल्टवर गाडी चालत हुती की. बाराची कराय काय अडलंतं?" सिद्रामनं विचारलं.

अडलं होतं ते भावापाशी. वाटणीत वडिलांची, आप्पांची, काळी फोर्ड धाकट्या बाळगोंडाला मिळाली आणि तिची शेड थोरल्या शांतिनाथला. तेव्हापासून भावाभावांत अबोला, आणि गाडी दोघांच्या दारांमधे रस्त्यावर. सहा व्होल्टवर स्टार्टर सकाळी नुसता कण्हायचा. मग शांतिनाथ आपसूक बाहेर यायचा, धोतराचा काचा मारायचा आणि मागून खांदा लावायचा. बोलायचा तो डिकीशी.

"क्लच लवकर सोडू नको म्हणावं त्याला."

बाळगोंडा स्टिअरिंगला सांगायचा, "जोर कमी पडाय लागलाय म्हणावं."

दोघांत बोलणं म्हणून जे उरलं होतं, ते एवढंच. बहिणीला, आक्काला, नातू झाल्याचंसुद्धा बाळगोंडाला डिकीकडूनच कळलं होतं. पण बाजारात कुणीतरी कानात घातलं, की शांतिनाथ म्हणतोय, माझ्या खांद्याबिगर त्याची गाडी हलत न्हाय. तेव्हापासून बाळगोंडाला त्या खांद्याचाच संशय यायला लागला.

"ह्या कॉइली दोन-दोन वाटंनं जोडल्यात," सिद्राम सांगत होता. "आता चारी एका माळंत ओवतो. वर बारा व्होल्टची बॅटरी, नवं दिवं. झालं."

"आणि तांबं?"

"तेच."

"तेच तांबं आणि दुप्पट जोर?"

बाळगोंडानं डोळे बारीक केले. काम संपल्यावर त्यानं ठिपके तपासले. सगळे जागच्या जागी होते. त्यामुळं तर संशय आणखीच बळावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबताक्षणी गाडी गरजली. काचा मारत बाहेर आलेला शांतिनाथ उंबऱ्यावरच थांबला. हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. त्यानं खांद्यावरचा टॉवेल उगाच झटकला आणि तो आत गेला. बाळगोंडानं विजयाचा हॉर्न दिला. हॉर्न सहाचाच राहिला होता. बारा व्होल्टवर तो बोकड कापल्यासारखा ओरडला. जैन गल्लीत ते काही बरं दिसलं नाही.

त्यानंतर गाडी रोज सुरू व्हायची आणि आरशात मागचा रस्ता मोकळा दिसायचा. बाळगोंडानं आरसा थोडा शांतिनाथच्या दाराकडं वळवून घेतला. दारावर लक्ष असलेलं बरं. पण दार काही उघडलं नाही. बहिणीकडं काय चाललंय, कळायला मार्ग उरला नाही.

आणि एका सकाळी बटण दाबलं तरी गाडी ढिम्म. शांतिनाथ बाहेर आला. आज काचा आधीच मारलेला होता.

"बारा व्होल्ट म्हणं!" त्यानं डिकीला ऐकवलं आणि खांदा लावला.

बाळगोंडा तडक बेळगावच्या कॅम्पात गेला. सिद्रामनं बॉनेट उघडलं, स्टार्टरची सुटलेली जाड वायर बसवली, नट करकचून आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"तूच अर्धवट आवळतूयास," बाळगोंडा सिद्रामवर धावून गेला. "गिऱ्हाईक परत यावं म्हणून."

"मालक, आपसूक निघालेली वायर आशी नीट बाजूला दुमडून बसत न्हाय," सिद्राम म्हणाला. "घरचंच कोणतरी बघा."

त्या संध्याकाळी बाळगोंडानं नटाला निळी शाई चोपडली. ताजी, घट्ट, पोत्याची. सकाळी शिटावर पाना आणि तोंडात तयार केलेली चार वाक्यं घेऊन तो बसला. बटण दाबलं. ढिम्म.

शांतिनाथ बाहेर आला. काचा मारलेला. आरशात बाळगोंडानं नीट पाहिलं. थोरल्याची दोन बोटं निळी होती. अंगठ्याचं नख उललं होतं. आणि बहुधा मधेच नाक खाजलं असावं, कारण नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत एक ठसठशीत निळा पट्टा गेला होता. शांतिनाथला त्याचा पत्ता नव्हता. तो अतिशय गंभीर चेहऱ्यानं डिकीशी वाकला.

चार वाक्यं ओठांवर आली. बाळगोंडानं पाना शिटाखाली सरकवला.

"आज जोर हाय का म्हणावं," त्यानं स्टिअरिंगला विचारलं.

"हाय की," डिकीकडून आलं. मग आणखी आलं, "आक्का रविवारी यायलीया म्हणावं. सकाळी हिकडं जेवंल, सांजचं तिकडं."

गाडी उताराला लागली आणि सुरू झाली.

परत आल्यावर बाळगोंडा बॉनेट उघडून रॉकेलच्या चिंधीनं नट पुसत बसला. बायको, तारामती, दारात आली.

"अवो, थोरल्या भावजींच्या नाकावर निळं कशाचं?"

"नसंल."

"मी बघिटलं की."

"मग पोत्याचं आसंल," बाळगोंडा म्हणाला. "त्येंच्यात बी पोती आस्त्यात."

ती आत गेली. त्यानं वायर जागेवर बसवली आणि पान्यानं नट करकचून आवळला. थोरल्याचं उललेलं नख त्याला आठवलं. शांतिनाथचं दार बंदच होतं, तरी त्यानं एकदा तिकडं चोरून पाहून घेतलं.

मग पाना उलटा फिरवून त्यानं नट सैल केला, आणि पुन्हा आवळला तो नुसत्या बोटांनी.